धुरंधरांचे भांडवल

अमरावती-अकोल्याच्या शाळांतून एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना अनेक मुले बसतात. परंतु चित्रकलेचाच मार्ग धरू म्हणणाऱ्या मुलाला घरातून पहिला प्रश्न पोटाचा विचारला जातो. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे चरित्र या प्रश्नाच्या संदर्भात मननीय आहे.

१८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली त्यांनी पाश्चात्त्य वास्तवदर्शी चित्रणाची शिस्त आत्मसात केली. विषय मात्र भोवतालच्या जीवनातून घेतले. लग्नसमारंभ, रस्त्यावरील माणसे, नऊवारीतील स्त्रिया त्यांच्या रेखाटनांत उतरल्या. हा संचयच त्यांचे भांडवल ठरला. छपाईचा व्यवसाय विस्तारत होता. किंकेड यांचे 'डेक्कन नर्सरी टेल्स' (१९१४) व रॉथफील्ड यांचे 'विमेन ऑफ इंडिया' (१९२०) ही पुस्तके त्यांच्या चित्रांनी सजली; पोस्टकार्डांवरूनही ती घरोघर गेली. त्यामुळे केवळ संस्थानिकांच्या मर्जीवर त्यांना विसंबावे लागले नाही. आपल्याच कलाशाळेत अध्यापन करीत त्यांनी संचालकपदाचा कार्यभारही सांभाळला. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९४४ साली निवर्तले.

भांडवल एका दिवसात साठत नाही. कापूस बाजारातील लगबग, अंबादेवीची नवरात्रातील गर्दी, राजराजेश्वराची कावडयात्रा असे विषय वऱ्हाडातील विद्यार्थ्याच्या दाराशीच आहेत. ते रोज टिपण्याची सवय त्याने लावून घ्यावी, आणि वही-पेन्सिलीवरील खर्च पालकांनी उधळपट्टी न मानता गुंतवणूक मानावी.