ठिपक्यांच्या नकाशामागचे लॅम्बटन

मुंबईच्या उपनगरांची लोकसंख्या दाखविणारा ठिपक्यांचा नकाशा आता संगणकावर काही मिनिटांत तयार होतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील पालिका विभागांच्या सीमा आणि जनगणनेचे आकडे भौगोलिक डेटाबेसमध्ये भरायचे, पाचशे माणसांमागे एक ठिपका असे काही प्रमाण ठरवायचे आणि तेवढे ठिपके सीमेच्या आत विखुरण्याचा आदेश द्यायचा. मात्र प्रत्येक ठिपक्याला अक्षांश-रेखांशाचा पत्ता लागतो. या देशात तो पत्ता काटेकोरपणे मोजण्याचा पाया घालणाऱ्या विल्यम लॅम्बटन यांची समाधी महाराष्ट्रातच, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे आहे.

यॉर्कशायरमधील सामान्य कुटुंबात जन्मलेले लॅम्बटन लष्करात शिरले, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात कैदी झाले आणि नंतर बरीच वर्षे कॅनडातील न्यू ब्रन्सविक येथे राहिले. गणित त्यांनी बव्हंशी स्वतःच आत्मसात केले. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत एका रात्री फौज भलत्याच दिशेला चालली असल्याचे त्यांनी ताऱ्यांवरून ओळखले. युद्ध संपताच त्यांनी दक्षिण भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची योजना मांडली. ग्रहताऱ्यांवरून जागा ठरविता येत असताना हा खर्च कशाला, असा आक्षेप घेणारे तेव्हाही होतेच.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथे पहिली आधाररेषा मोजण्यास आरंभ झाला. सुमारे १२ किलोमीटरची ही रेषा पोलादी साखळीने मोजण्यास ५७ दिवस लागले. एक बाजू अशी अचूक मिळाली की पुढे केवळ कोन मोजत त्रिकोणामागून त्रिकोण जोडता येतात. त्यासाठीचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढविताना दोर तुटून तो मोडला. इंग्लंडहून नवा येण्याची वाट न पाहता लॅम्बटन यांनी तो स्वतः दुरुस्त केला. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे सुमारे दहा अंशांची कमान त्यांनी मोजून काढली.

२० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरच्या वाटेवर असताना हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. वय सत्तरीच्या घरात होते. काम त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे गेले आणि नावलौकिकही त्यांनाच लाभला! सर्वेक्षणाची एक शाखा पुढे मुंबईपर्यंत आली. या मोजणीच्या आधारे १८३० मध्ये पृथ्वीचा जो आकार मानण्यात आला, त्यालाही एव्हरेस्ट यांचेच नाव मिळाले.

उपनगरांच्या नकाशाशी याचा थेट संबंध आहे. बोरिवलीचा आर मध्य आणि मुलुंडचा टी विभाग यांत राष्ट्रीय उद्यानाचे जंगल येते. ते वजा केले नाही, तर संगणक निर्मनुष्य डोंगरावरही वस्ती दाखवितो. जंगल वगळले तरी दुसरी अडचण उरते. भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या आकारावर आधारलेले आहेत, तर जीपीएस १९८४ चा वेगळा आकार मानते. हा फरक लक्षात न घेता दोन्ही एकत्र केले, तर मुंबईत जागा सुमारे शंभर मीटरने सरकते. अंधेरीत के पूर्व आणि के पश्चिम विभागांमध्ये केवळ रेल्वेमार्ग आहे. शंभर मीटरच्या चुकीने रुळांलगतची वस्ती एका विभागातून दुसऱ्यात जाते आणि पाणी, दवाखाने, शाळा यांचा हिशेबही तिच्यासोबत जातो. म्हणून सीमा कोणत्या नकाशावरून घेतल्या, हे आधी डेटाबेसमध्ये नोंदवून, त्या एकाच पद्धतीत आणूनच ठिपके टाकावे लागतात.