सर जोसेफ भोर यांचा विसरलेला हिशेब

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत ‘भोर समिती’ हे नाव हटकून येते. समिती कधी नेमली, अहवाल कधी आला, एवढे पाठ केले की गुण पदरात पडतात. ते नाव गावाचे की माणसाचे, असा प्रश्नही सहसा कोणाला पडत नाही. तो माणूस महाराष्ट्रातच जन्मलेला होता, आणि तालुक्यातालुक्यांतून दिसणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राची मूळ आखणी त्याच्या अध्यक्षतेखाली झाली, ही गोष्ट तर बहुतेकांच्या गावीही नाही.

जोसेफ विल्यम भोर यांचा जन्म ६ एप्रिल १८७८ रोजी नाशिक येथे झाला. पुण्यातील बिशप्स हायस्कूल व डेक्कन कॉलेज आणि त्यानंतर लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. सन १९०२ मध्ये ते सनदी सेवेत दाखल झाले. मद्रास इलाख्यात काम केल्यावर १९१४ ते १९१९ या काळात ते कोचीन संस्थानचे दिवाण होते. पुढे लंडनमध्ये हिंदुस्थानचे हंगामी हायकमिशनर, दिल्लीत शेती व जमीन खात्याचे सचिव अशा पायऱ्या चढत १९३० मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर पोहोचले. तेथे प्रथम उद्योग व मजूर आणि नंतर व्यापार व रेल्वे ही खाती त्यांच्याकडे आली.

त्यांच्या कारकीर्दीकडे राष्ट्रीय चळवळीतील मंडळींनी कौतुकाने पाहावे असे त्यात फारसे नव्हते. देशभर काळ्या निशाणांनी ज्या सायमन कमिशनचे स्वागत झाले, त्याचे सचिवपद भोर यांनी सांभाळले होते. परंतु व्यापारमंत्री म्हणून १९३३-३४ मध्ये जपानशी वाटाघाटी करताना त्यांनी वेगळीच चुणूक दाखविली. जपानने येथला कापूस किती घ्यावा आणि त्या बदल्यात त्याचे कापड येथे किती यावे, याचे परिमाणच त्या करारात बांधून टाकण्यात आले. मोघम आश्वासनापेक्षा मोजता येईल असा आकडा पक्का करावा, ही पद्धत पुढे आरोग्याच्या प्रश्नातही दिसून आली.

सन १९३५ मध्ये कार्यकारी मंडळातून निवृत्त झालेल्या भोर यांना ऑक्टोबर १९४३ मध्ये सरकारने पुन्हा पाचारण केले. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती आणि महायुद्ध संपलेले नव्हते. अशा वेळी देशाच्या आरोग्याची पाहणी करून युद्धोत्तर योजना सुचविण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांच्याकडे आले. ते स्वतः डॉक्टर नव्हते. त्यांच्या पत्नी मात्र वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या होत्या. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्यासारखे वैद्यकतज्ज्ञ आणि ना. म. जोशी यांच्यासारखे कामगार पुढारी समितीत एकत्र बसले. सन १९४६ मध्ये चार खंडांचा अहवाल सादर झाला.

त्यात मांडलेले चित्र विदारक होते. जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ बालके वर्षाच्या आत दगावत होती. सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आतच होते. सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, तर ४३,००० माणसांमागे एक परिचारिका होती. जे डॉक्टर होते तेही बहुतांशी शहरांत. रोगाचे मूळ दारिद्र्य, निकृष्ट अन्न, दूषित पाणी व कोंदट घरे यांत असल्याने केवळ औषधांच्या बाटल्यांनी ते उपटले जाणार नाही, हेही समितीने स्पष्टपणे नोंदविले.

उपाय म्हणून समितीने सुचविले ते प्राथमिक आरोग्य केंद्र. पहिल्या टप्प्यात दर ४०,000 लोकवस्तीला एक केंद्र. त्यात दोन डॉक्टर, एक परिचारिका, चार आरोग्य परिचारिका, चार प्रसाविका, चार प्रशिक्षित दाया, दोन स्वच्छता निरीक्षक, दोन आरोग्य साहाय्यक, एक औषधनिर्माता आणि पंधरा इतर कर्मचारी. या यादीचा बारकाईने विचार केला तर तिच्यातील अर्थशास्त्र ध्यानात येते. तिच्यात डॉक्टर दोन आहेत, परंतु बाळंतपण, पाणी, लसीकरण आणि घरभेटी यांसाठीची माणसे त्यांच्या कितीतरी पट आहेत. रोगी दारात येईपर्यंत थांबणे हे या केंद्राचे काम नव्हते. घरोघरी पोहोचणे हे होते. ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, पूर्णवेळ पगारी डॉक्टरांनी खासगी व्यवसाय करू नये आणि गावोगावी पाच-सात जणांची आरोग्य समिती असावी, अशा शिफारशी त्याला जोडूनच होत्या. दीर्घकालीन योजनेत तर दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचे रुग्णालय अभिप्रेत होते.

अहवालावर मतभेदही झाले. कमी मुदतीचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचा वर्ग बंद करून सर्वत्र पदवीधर डॉक्टरच असावेत, हा बहुमताचा निर्णय काही सभासदांना पटला नाही. खेड्यात राहणारा डॉक्टर यातून मिळणार कसा, ही त्यांची शंका होती. पुढील काळाने ती निराधार ठरविली, असे म्हणवत नाही.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रेही आली. नाव तेच राहिले. हिशेब मात्र बदलला. चाळीस हजारांऐवजी संपूर्ण विकास गट, म्हणजे साठ हजार ते एक लाख लोक, एका केंद्राच्या वाट्याला आले. माणसे वाढविण्याऐवजी कार्यक्षेत्र वाढविले गेले. पुढे मुदलियार यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९६२ साली सादर केलेल्या अहवालात, नवी केंद्रे काढण्याआधी आहेत ती सुधारा, असा सल्ला द्यावा लागला. सर जोसेफ भोर १९६० मध्येच निवर्तले होते.

ऐंशीच्या दशकापासून सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक केंद्र, असे प्रमाण ठरले. केंद्रांची संख्या वाढली, हे मान्यच केले पाहिजे. पण भोर यांच्या हिशेबात नुसत्या इमारतीला किंमत नव्हती. डॉक्टरची जागा रिकामी, परिचारिकेवर तीन जणींचे काम आणि औषधाच्या कपाटाला कुलूप असेल, तर ते केंद्र कागदावर जमेच्या बाजूला आणि गावाच्या लेखी खर्चाच्या बाजूला पडते. हा खर्च कोण सोसतो? सन २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के भार कुटुंबांनी थेट आपल्या खिशातून उचलला. सरकारचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्याही आत राहिला. सरकारने केंद्रावर वाचविलेला रुपया शेतमजूर व्याजासकट भरतो, आणि तो भरताना मजुरीही बुडवितो. याला काटकसर म्हणत नाहीत. हे केवळ खर्चाचे स्थलांतर आहे.

भोर हे क्रांतिकारक नव्हते. साम्राज्याच्या चाकोरीत वाढलेले ते एक शिस्तशीर प्रशासक होते. म्हणूनच त्यांच्या अहवालाला भाबडा आदर्शवाद म्हणून बाजूला सारता येत नाही. किती माणसांमागे किती सेवक, हा साधा प्रश्न त्यांनी टेबलावर ठेवला. आपल्या गावाच्या केंद्रात मंजूर जागा किती आणि प्रत्यक्ष हजर माणसे किती, हे ग्रामसभेत विचारण्यास आजही कोणाच्या परवानगीची गरज नाही. गावोगावची आरोग्य समिती भोर यांना हवी होती ती याच विचारणेसाठी.