एक्स्प्लेनर: बदललेला गुडघा पुन्हा का दुखतो? ३०० फसलेल्या सांध्यांनी दिलेलं उत्तर

गुडघा बदलून दहा-बारा वर्षं झाली आणि आईचा पाय पुन्हा दुखू लागला, तर घरात एकच धास्ती असते: पुन्हा ऑपरेशन? या दुसऱ्या ऑपरेशनला 'रिव्हिजन सर्जरी' म्हणतात. त्याची वेळ का येते, हे ब्रिटिश सर्जन सर जॉन चार्नली स्वतःच्या चुकीतून शिकले. त्यांचं मुख्य काम खुब्याच्या सांध्यावर होतं. पण आजच्या गुडघ्यातलं प्लॅस्टिक आणि बोन सिमेंट रुळलं ते त्यांच्या कामामुळेच.

चार्नलींचा जन्म १९११चा, लँकेशायरमधल्या बरी गावातला. वडिलांचं औषधांचं दुकान, आई नर्स. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी सर्जन होते. युद्धानंतर हाड कसं जुळतं हे पाहण्यासाठी त्यांनी सहकाऱ्याला स्वतःच्याच नडगीवर प्रयोग करायला लावला. जखमेत जंतुसंसर्ग झाला, पुन्हा ऑपरेशन करावं लागलं.

करकरणारा खुबा

१९५०च्या दशकात त्यांच्याकडे ॲक्रिलिकचा खुबा बसवलेला एक रुग्ण आला. सांधा इतका करकरायचा, की बायको त्याच्याजवळ बसायचं टाळायची. चार्नलींनी ताडलं, की आवाज येतोय म्हणजे घर्षण आहे आणि घर्षण आहे म्हणजे सांधा हाडातून सैल होणार. (इंजिनिअरिंगला बेअरिंगच्या धड्यात आम्ही हेच शिकलो, पण ते माणसाच्या कमरेत असतं असं कुणी सांगितलं नव्हतं.)

मग राइटिंग्टनच्या रुग्णालयात त्यांनी स्टीलचा छोटा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी असा सांधा बनवला. तो बोन सिमेंटनं बसवला. सिमेंट इथे डिंकासारखं चिकटवत नाही, फटी भरून भार हाडावर पसरवतं. रुग्ण वेदनेशिवाय चालू लागले. सुमारे ३०० जणांना हे सांधे बसले.

दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं. झिजेची भुकटी सांध्याभोवती साचली, शरीरानं तिच्याशी झुंज मांडली आणि सांधे सैल झाले. चार्नलींनी टेफ्लॉनचा नमुना स्वतःच्या मांडीत घालून पाहिला. तिथेही सूज आलीच. त्यांनी हे अपयश जाहीरपणे छापलं आणि रुग्णांना पुन्हा टेबलावर घेतलं. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच.

१९६२मध्ये एक विक्रेता यंत्रमागांच्या गिअरसाठी वापरलं जाणारं प्लॅस्टिक घेऊन आला. चार्नलींनी ते बाजूला सारलं. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र ते झीज मोजणाऱ्या यंत्रावर लावलं. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं, तेवढंही हे तीन आठवड्यांत झिजलं नाही. हेच पॉलिथिलीन. या वेळी चार्नलींनी घाई केली नाही. अनेक वर्षं रुग्ण तपासत राहिले आणि सुरुवातीला फक्त राइटिंग्टनला शिकून गेलेल्या सर्जनांनाच सांधा मिळू दिला. मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी काढू देण्याची संमतीही ते रुग्णांकडून मागत. १९८२मध्ये त्यांचं निधन झालं.

आजच्या गुडघ्यात काय होतं?

राइटिंग्टनमध्येच फ्रँक गन्स्टन या कॅनडाच्या सर्जननं १९६०च्या दशकाच्या अखेरीस धातू, पॉलिथिलीन आणि सिमेंट वापरून गुडघा तयार केला. आजही गुडघ्यात धातू प्लॅस्टिकवरच फिरतो. प्लॅस्टिक सुधारलं, तरी भुकटी थोडीफार होतेच. ती वर्षानुवर्षं साचून हाड पोखरते. चालताना दुखणं, गुडघा लचकणं ही त्याची लक्षणं. वेळेत कळलं तर काही वेळा फक्त प्लॅस्टिक बदलून भागतं.

दुसरं कारण जंतुसंसर्ग. चार्नलींच्या सुरुवातीच्या काळात तो खूप होता. शुद्ध हवेची बंदिस्त शस्त्रक्रियेची खोली आणि सर्जनसाठी खास पोशाख वापरून त्यांनी तो शंभरात एकाच्याही खाली आणला. गुडघा लाल, गरम झाला किंवा जखमेतून स्राव येऊ लागला, तर मनानं अँटिबायोटिक सुरू करू नका. गोळ्यांमुळे सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत. जुना संसर्ग असेल तर अनेकदा दोन ऑपरेशनं लागतात: आधी सांधा काढून औषधी सिमेंटचा तात्पुरता ठोकळा, नंतर नवा सांधा.

रिव्हिजनचा सल्ला मिळाला, तर पहिल्या ऑपरेशनचे कागद शोधा. त्यावर इम्प्लांटची कंपनी आणि साइज असतो. तो कळला नाही, तर एक सुटा भाग बदलून भागणार होतं तिथे सर्जनला अख्खा सांधा काढावा लागू शकतो.