बोटांना वाचता येणारी अक्षरे : लुई ब्रेल



जानेवारीचा पहिला आठवडा आपल्याकडे प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणाचा. ताऱ्याच्या मागोमाग चालत तीन ज्ञानी पुरुष बाळ येशूपर्यंत पोहोचले, ही कथा आपण दरवर्षी ऐकतो. याच आठवड्यात, ४ जानेवारी १८०९ रोजी, फ्रान्समधील कूव्रे नावाच्या खेड्यात लुई ब्रेल यांचा जन्म झाला आणि ६ जानेवारी १८५२ रोजी, म्हणजे या सणाच्या मूळ दिवशीच, ते प्रभूघरी गेले. वयाच्या पाचव्या वर्षापासून त्यांना एकही तारा दिसला नव्हता. तरीही जगभरच्या अंध मुलांना वाट दाखवणारा तारा तेच ठरले. यंदा त्यांची ओळख करून घ्यावी असे आम्हांला वाटले.

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या या गावात लुईचे वडील घोड्यांची खोगिरे आणि लगाम बनवीत. चार भावंडांत लुई धाकटा. तीन वर्षांचा असताना तो वडिलांच्या कामाच्या खोलीत खेळत होता. चामड्याच्या कामाचे एक अणकुचीदार हत्यार त्याच्या हाती लागले आणि ते निसटून डोळ्यात गेले. त्या काळी जंतुसंसर्गावर औषध नव्हते. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही बाधा झाली आणि पाच वर्षांचा होईपर्यंत लुई पूर्ण आंधळा झाला.

त्या काळी अशा गरीब मुलाच्या वाट्याला बहुधा भीक येई. लुईचे तसे झाले नाही, कारण गावच्या धर्मगुरूंनी, फादर पालुई यांनी, त्याला जवळ बसवून शिकवायला सुरुवात केली. पुढे त्यांनीच शब्द टाकला आणि गावच्या शाळामास्तरांनी त्याला इतर मुलांबरोबर वर्गात घेतले. नुसते ऐकून लुई वर्गात पुढे राहू लागला. मग फादरांच्या विनंतीवरून तिथल्या एका सरदाराने पॅरिसच्या अंधशाळेत त्याच्यासाठी खटपट केली. १८१९ च्या फेब्रुवारीत, दहा वर्षांचा लुई तिथे दाखल झाला.

ही शाळा व्हॅलेंटिन आउई या सद्गृहस्थाने १७८५ मध्ये सुरू केलेली. लुई गेला तेव्हा ती ज्या जुन्या इमारतीत भरे, तिच्याशी आपल्या ख्रिस्तसभेचे जवळचे नाते आहे. संत विन्सेंट डी पॉल यांनी १६२५ नंतर आपल्या धर्मसंघाचा पाया तिथे घातला होता. पुढे तिथे सेमिनरी झाली आणि १७९२ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, तिथे कोंडलेल्या अनेक धर्मगुरूंना ठार मारण्यात आले. लुईच्या वेळी ती वास्तू ओलसर आणि कोंदट झाली होती. पुढे त्याला क्षयाने गाठले.

शाळेत पुस्तके होती, पण मोजकीच. ओला कागद शिशाच्या ठशांवर दाबून आपली नेहमीची अक्षरे त्यावर फुगीर उठवलेली असत. अशी पुस्तके जाडजूड, वजनदार आणि महाग होत. मुलांनी एकेक अक्षर बोटाने चाचपून ओळखायचे. ओळीच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरायला होई. शिवाय अशी अक्षरे मुलांना स्वतः लिहिता येत नसत. वाचायचे ते दुसऱ्याने दिलेले, आपले म्हणणे मात्र कागदावर आणायचे नाही, अशी ती स्थिती होती. आउई यांचा हेतू थोर होता यात शंका नाही. पण ती अक्षरे डोळस माणसाच्या डोळ्यांना शोभणारी होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही घोकले होते की मानवी ज्ञान इंद्रियांच्या दारातून बुद्धीकडे जाते. दारे पाच आहेत, आणि प्रत्येक दाराची उंची-रुंदी वेगळी आहे, हे मात्र आम्हांला लुई ब्रेल यांच्या चरित्राने शिकवले. डोळा रेषा आणि वळणे झटकन टिपतो. बोटाच्या टोकाला ठिपका लवकर कळतो.

ठिपक्यांची कल्पना लुईची नव्हती. शार्ल बार्बिए या तोफखान्यातल्या माजी अधिकाऱ्याने उठावदार ठिपक्यांची एक लिपी तयार केली होती. १८२१ च्या सुमारास ती शाळेत आली. तिच्यात एकेका खुणेला बारापर्यंत ठिपके लागत, त्यामुळे खूण बोटाखाली एकदम मावत नसे. ती उच्चारांवर बेतलेली होती. शुद्धलेखन, विरामचिन्हे, आकडे, संगीत यांना तिच्यात जागा नव्हती. लुईने रात्री आणि सुट्टीत बसून तिच्यावर काम केले. १८२४ पर्यंत, जेमतेम पंधराव्या वर्षी, त्याची लिपी आकाराला आली.

तिची रचना अगदी साधी आहे. तीन-तीन ठिपक्यांच्या दोन उभ्या ओळी, एकूण सहा जागा. कोणते ठिपके उठवायचे आणि कोणते सोडायचे, यावरून ६३ वेगवेगळ्या खुणा होतात. प्रत्येक खूण बोटाच्या एका स्पर्शात कळते. लिहायला एक पाटी आणि एक टोच्या पुरतो. कागदावर उजवीकडून डावीकडे ठिपके टोचायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. आता अंध मुलगा वाचू शकत होता, टिपण काढू शकत होता, मित्राला पत्र लिहू शकत होता आणि स्वतःची चूक स्वतः शोधू शकत होता.

१८२९ मध्ये ब्रेल यांनी आपल्या पद्धतीचे पुस्तक काढले. त्यात लेखनाबरोबर संगीत आणि चर्चमधले परंपरागत प्रार्थनागायन कसे लिहावे हेही दिले होते. बार्बिए यांचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. ते शाळेतच शिक्षक झाले आणि पॅरिसच्या सेंट निकोलस चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले. पुढे याच शाळेत शिकलेले लुई व्हिएर्न १९०० पासून १९३७ पर्यंत नोत्र दाम कॅथेड्रलचे ऑर्गनवादक होते.

तरी ब्रेल यांच्या लिपीला सहज मान्यता मिळाली नाही. १८४० मध्ये नवे मुख्याध्यापक आले आणि त्यांनी वर्गात ठिपक्यांना बंदी केली. डोळस शिक्षकांना न वाचता येणारी लिपी अंधांना समाजापासून तोडील, असे अनेकांना वाटे. मुलांनी मात्र ती सोडली नाही; चोरून लिहीत राहिली, एकमेकांना शिकवत राहिली. अखेर उपमुख्याध्यापकांनी मुलांची बाजू घेतली. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मुलांनी पाहुण्यांसमोर ठिपक्यांत लिहून आणि वाचून दाखवले, आणि विरोध मावळला. शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये. ब्रेल यांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

अखेरच्या आजारात त्यांनी श्रद्धेने शेवटचे संस्कार घेतले. त्यांच्या मित्राने एक आठवण लिहून ठेवली आहे. न उघडता जाळावी म्हणून त्यांनी एक पेटी मागे ठेवली होती. नातलगांनी ती उघडली, तर आत गरजूंना उसन्या दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या. हे कर्ज कोणाला फेडावे लागू नये, अशी त्यांची इच्छा होती. १९५२ मध्ये फ्रान्सने त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने नेले. त्यांचे हात मात्र कूव्रे गावानेच जपून ठेवले आहेत.

आपल्या देशात १९५१ मध्ये सर्व भाषांसाठी भारती ब्रेल ठरली. मराठीतला ‘अ’ तिच्यात एकाच ठिपक्याचा आहे, लुईच्या पहिल्या अक्षरासारखाच. अंधांसाठी पुस्तकांच्या प्रती काढताना लेखनहक्काची अडचण येऊ नये म्हणून २०१३ मध्ये मराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला सर्वांत आधी, २०१४ मध्ये, मान्यता देणारा देश भारत होता.

येथे आमची एक चूक कबूल करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, दृढीकरणाच्या तयारीच्या वर्गाला एक अंध मुलगी येत असे. इतरांच्या हाती पुस्तक होते. तिला आम्ही फक्त ऐकायला सांगितले आणि परीक्षेतून सूट दिली. आम्हांला तो दयाळूपणा वाटला. तिला ब्रेल येते, पुस्तक करून मिळेल का, असे तिच्या आईने एकदा विचारले. पाहतो म्हणालो, आणि पाहिले नाही. फादर पालुई यांच्याविषयी वाचताना ती मुलगी आठवली. त्यांनी लुईला सूट दिली नव्हती, वर्गात जागा दिली होती.

आंधळा बार्तीमय हाक मारत आला तेव्हा त्याला काय हवे आहे, हे प्रभूला दिसत नव्हते काय? तरी प्रभूने आधी त्याला विचारले. आपणही विचारू या. आपल्या घरात किंवा शेजारी ज्याला छापील पुस्तक वाचता येत नाही असे मूल असेल, तर मिस्सानंतर आम्हांला भेटा आणि त्या मुलालाही बरोबर आणा. ब्रेल, मोठी अक्षरे किंवा ध्वनिमुद्रण, यांपैकी त्याला काय उपयोगी पडेल ते त्याच्याकडूनच ऐकू. या वेळी नुसते पाहतो म्हणणार नाही.

आपले धर्मगुरू