समानचिन्हाचे जनक रॉबर्ट रेकॉर्ड

इंदूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय असो वा फर्मागुढीचे, सी भाषा शिकणारा विद्यार्थी एका जागी हमखास अडखळतो. गुण शंभर आहेत का, हे तपासण्याच्या अटीत तो ‘गुण == 100’ऐवजी ‘गुण = 100’ लिहितो. भाषेच्या नियमांत तेही बसते. प्रोग्राम निमूट चालतो आणि नापासालाही शंभर गुण देऊन मोकळा होतो. ज्या चिन्हापायी हा घोटाळा होतो, ते रॉबर्ट रेकॉर्ड यांनी निव्वळ समानता दाखवण्यासाठी घडवले होते.

1510च्या सुमारास वेल्समधील टेन्बी गावी जन्मलेले रेकॉर्ड व्यवसायाने वैद्य. ऑक्सफर्डला शिकून 1545 साली त्यांनी केंब्रिजची वैद्यकीची पदवी घेतली. पुढे ब्रिस्टलची टांकसाळ आणि आयर्लंडमधील खाणी यांचा कारभारही पाहिला. विद्वत्तेची भाषा लॅटिन असलेल्या त्या काळात त्यांनी गणित लिहिले ते मात्र मायबोली जाणणाऱ्यांसाठी, इंग्रजीत आणि बव्हंशी गुरु-शिष्य संवादाच्या रूपाने.

1557च्या ‘द व्हेटस्टोन ऑफ विट’मध्ये ‘बरोबर आहे’ हे शब्द पुनःपुन्हा लिहिणे टाळण्यासाठी त्यांनी सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषा काढल्या. याहून अधिक समान अशा दोन वस्तू कोणत्या असणार, हा त्यांचा सरळ विचार. चिन्ह रुळायला अनेक दशके लागली. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अर्ल ऑफ पेम्ब्रोक या बड्या सरदारावर त्यांनी गैरकारभाराचा आरोप केला. त्याने उलट बदनामीचा दावा लावला आणि हजार पौंडांची भरपाई रेकॉर्ड यांच्या माथी बसली. 1558 साली साउथवार्कच्या तुरुंगातच त्यांचा अंत झाला.

बरोबर चारशे वर्षांनी, 1957मध्ये, आयबीएमच्या फोरट्रान भाषेने हेच चिन्ह आज्ञा म्हणून वापरले: उजवीकडचे मूल्य डावीकडे ठेव. अल्गोल भाषेने अपूर्णविराम जोडून दोन अर्थ वेगळे राखले होते. सी भाषेने मात्र फोरट्रानचीच वाट धरली आणि तुलनेसाठी चिन्ह दुहेरी केले. मूल्य देण्याचे काम तुलनेपेक्षा अधिक वेळा पडते, एवढेच त्याचे कारण. चिन्ह वाचले, पण वाचणाऱ्याची फसगत कायमची झाली.

तिचा गैरफायदाही घेतला गेला. नोव्हेंबर 2003मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या एका प्रतीत कोणीतरी एक ओळ घुसवली. वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, असे ती विचारते असे वाटे. प्रत्यक्षात ती तो शून्य करून टाकी, म्हणजे संगणकाचे सर्वाधिकार त्याच्या हाती देई. मूळ प्रतीशी मेळ बसेना, म्हणून ती पकडली गेली.