शंभर अवधानांतून एका अवधानाकडे : श्रीमद् राजचंद्र

मन हे जीवाचे साधन आहे. परंतु त्याचा लगाम सुटला की तेच जीवाचे वैरी होते. झालेल्याची खंत आणि न झालेल्याची भीती यांच्या फेऱ्यात हातचे सत्कार्य निसटून जाते. जैन शास्त्रकारांनी या अवस्थेस आर्तध्यान म्हटले आहे. श्रावकाच्या अनर्थदंडविरमण व्रतातही अपध्यानाचा, म्हणजे निष्प्रयोजन दुश्चिंतनाचा, त्याग सांगितला आहे. अशा चिंतनाने मनुष्य प्रथम स्वतःलाच दंड करून घेतो. यावरील उपाय संसारात राहूनच आचरणात आणणारे थोर साधक म्हणजे श्रीमद् राजचंद्र.

श्रीमद्‌जींचा जन्म १८६७ साली कार्तिकी पौर्णिमेस सौराष्ट्रातील ववाणिया या गावी झाला. वयाच्या सातव्या वर्षी अमीचंद नावाच्या परिचित गृहस्थाचा सर्पदंशाने मृत्यू झाला. त्यांची जळती चिता पाहून बालमन विचारमग्न झाले आणि त्यातूनच त्यांना जातिस्मरणज्ञान झाले, असे चरित्रकार सांगतात. सोळाव्या वर्षी त्यांनी ‘मोक्षमाळा’ हा ग्रंथ अवघ्या तीन दिवसांत रचला. नित्य आत्मपरीक्षणास उपयुक्त अशी १०८ वचनांची ‘पुष्पमाळा’ त्यापूर्वीचीच.

त्यांची स्मरणशक्ती अलौकिक होती. जानेवारी १८८७ मध्ये मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शतावधानाचा प्रयोग केला. अनेक भाषांतील विस्कळीत शब्द, गणिते, काव्यरचना अशा शंभर गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष पुरवून त्या अचूक सांगितल्या. सुवर्णपदक मिळाले, साक्षात सरस्वती ही पदवी मिळाली, युरोपात जाऊन प्रयोग करण्याची सूचनाही आली. अशा क्षणी कोणासही मोह पडावा! परंतु शंभर ठिकाणी धावणारे लक्ष आणि त्यामागून येणारी कीर्ती आत्मार्थास बाधक ठरेल, हे त्यांनी ओळखले. विशीच्या सुमारास त्यांनी हे प्रयोग कायमचे बंद केले.

पुढे ते मुंबईत हिरे-मोत्यांच्या व्यापारात भागीदार झाले. लाखोंचे व्यवहार, कुटुंबाची जबाबदारी आणि अंतरी त्यागाची ओढ, असा हा कठीण संयोग होता. व्यवसायाची ही उपाधी त्यांना जड वाटे, हे त्यांच्या पत्रांतून दिसते. तथापि त्रागा करून त्यांनी कर्तव्य टाकले नाही, की खंत करीत बसून चित्त मलिन होऊ दिले नाही. उदयास आलेले कर्म साक्षीभावाने पाहावे आणि समतेने भोगावे, हा त्यांचा मार्ग होता. १८९१ मध्ये त्यांच्या परिचयात आलेल्या महात्मा गांधींनी आत्मचरित्रात नोंदविले आहे की, सौद्याचे बोलणे संपताच त्यांच्या हाती धर्मग्रंथ किंवा आत्मचिंतनाची वही येई. व्यवहाराच्या वेळी व्यवहार पूर्ण. तो सरला की त्याची सावलीही मनावर नाही! पुढे दक्षिण आफ्रिकेत धर्मविषयक शंकांनी व्याकुळ झालेल्या गांधीजींनी १८९४ मध्ये त्यांना २७ प्रश्न विचारले. त्यांच्या उत्तरांनी गांधीजींच्या चित्तास शांती लाभली.

१८९६ मध्ये नडियाद येथे श्रीमद्‌जींनी १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धि शास्त्र’ एकाच बैठकीत लिहिले. शंभर विषयांतून काढून घेतलेले अवधान एका आत्म्यावर स्थिरावले, त्याचे हे अमृतफळ होय. ९ एप्रिल १९०१ रोजी राजकोट येथे, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

विचारांशी झुंजल्याने विचार थांबत नाहीत. त्यांचा ज्ञाता होऊन राहिल्यास त्यांचे बळ ओसरते. त्यासाठी दुकान किंवा घर सोडावे लागत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटांचे एक सामायिक, त्यात उठणाऱ्या प्रत्येक वृत्तीकडे रागद्वेषाविना पाहणे आणि चूक आढळल्यास स्वतःस न कोसता प्रतिक्रमण करून पुढील कार्यास लागणे, एवढे प्रत्येक श्रावक-श्राविकेस साध्य आहे. श्रीमद्‌जींच्या जीवनाचे स्मरण आपणा सर्वांस या जागृतीची प्रेरणा देवो, हीच मंगल भावना.