भाऊराव पाटील आणि एका पंक्तीची मुले

आमच्या औंढे गावी, किंबहुना साऱ्या मावळात, मुलास वसतिगृहात पाठवावयाचे म्हटले की आईबापांच्या मनात दोन भये उभी राहतात. मूल घरास परके होईल, आणि भाताच्या खाचरात उतरावयास लाजेल. ही भये पोकळ नव्हेत. म्हणून कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरकडील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरास शिकत असता ते जैन वसतिगृहात राहत. एकदा ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आले. परतल्यावर स्नान करण्याची आज्ञा झाली. ती त्यांनी मानली नाही, आणि त्यांस वसतिगृह सोडावे लागले. एका छपराखाली राहूनही भेद जोपासला जातो, हे त्यांस तेथे कळले.

१९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. तेथे सर्व जातिधर्मांची खेड्यातील मुले एका पंक्तीस जेवीत. स्वयंपाक, पाणी, झाडलोट व बागेतील कष्ट ती स्वतः करीत. गावी ज्याच्या स्पर्शाने पाणी बाटे, त्याच्याच हातची भाकरी येथे सर्वांच्या ताटात पडे. जे व्याख्यानांनी साधले नसते, ते नित्याच्या सवयीने साधले. श्रमाची लाजही तशीच गेली.

याचे मोल भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी दिले. सोवळ्याच्या वळणात वाढलेली ही माउली त्या सर्व मुलांची आई झाली. धान्य सरले तेव्हा तिने दागिने दिले, व शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली ती निवर्तली. पुढे १९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. ९ मे १९५९ रोजी त्यांचा देह पडला.

प्रिय आईबापहो, सुटीत मूल घरी आले म्हणजे त्याची इंग्रजी पाहू नका. ते आईच्या हातची घागर घेते काय, शेजारच्या कोणत्याही मुलास आपल्या ताटाजवळ बसविते काय, हे पाहा. बसविले तर त्यास उठवू नका. वसतिगृहाने मांडलेली पंगत पुष्कळदा घरच मोडते.